बाबांनी बसमध्ये शोधलेली नोकरी

नोकरी गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मला अनोळखी माणसांचे फोन यायला लागले.

पहिला फोन बडनेऱ्याच्या एका बाईचा होता. "तुमीच का थ्या केमिस्ट्रीवाल्या ताई?" त्यांनी विचारलं. त्या घरी फिनाईल बनवत होत्या आणि त्यांना कामाची माहिती असणारं कोणीतरी हवं होतं. माझा नंबर कुठून मिळाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मिळाला ना कोणाकडून तरी." मी फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. चार दिवसांनी एका माणसाचा फोन आला. कामाचं काही बोलायच्या आधीच त्यानं विचारलं, "मॅडम, टायफॉईडनंतर आता तब्येत ठीक आहे न?"

टायफॉईड मला आदल्या वर्षी झाला होता. तो मी कुठल्याही अर्जात लिहिलेला नव्हता. तेव्हा नोकरीच्या नावाखाली फसवणूक झाल्याच्या बातम्या पेपरात रोज असायच्या. मी दोन-तीन वेबसाइटवर माझी सगळी माहिती भरली होती, तिथूनच ती कोणाच्यातरी हातात पडली असणार, अशी माझी खात्री झाली. त्यानंतर जो कोणी अनोळखी माणूस मला 'ताई' किंवा 'मॅडम' म्हणून कामाचं बोलायचा, त्याला मी ब्लॉक करायची. असे अकरा नंबर झाले. पोलिसात तक्रार द्यावी का, असंही मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते पोहे खात होते. "राहू दे," एवढंच म्हणाले.

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी लग्न केलेलं नाही. राजापेठेतल्या एका गल्लीत, खाली ट्यूशन क्लास आणि वर आम्ही, असं आमचं भाड्याचं घर. मी एम.एस्सी. केमिस्ट्री. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत एका कापडाच्या कारखान्यात, रंगाच्या लॅबमध्ये मी नऊ वर्षं होते. ग्राहकाचा नमुना आला की त्या छटेची कृती बसवायची, कुठला रंग किती टक्के ते लिहून खाली पाठवायचं, हे माझं काम. नोकरी गेली तेव्हा मी बाबांना सांगितलं की लॅब बंद झाली, ते काम आता सुरतला जातं. बाबा म्हणाले, "बरं."

ते खरं नव्हतं. एका कृतीत माझं दशांश चिन्ह चुकलं होतं. आकाशी निघायला हवा होता तो माल गडद निळा निघाला आणि अख्खा लॉट परत आला. कागदावर माझीच सही होती. मला राजीनामा लिहून द्यायला सांगितलं, मी दिला. बसस्टॉपवर उभं असतानाच मी सुरतची गोष्ट रचली आणि घरी येईपर्यंत ती तीन-चारदा मनात म्हणून पाहिली.

नंतर जे सगळे करतात तेच मीही केलं. अर्ज पाठवले. जुन्या मैत्रिणींना मेसेज केले. नात्यातल्या एका लग्नात, कारखान्यात ओळख असलेल्या मामांच्या मागे मागे पंगतीत फिरले. ते "पाहू" म्हणाले आणि मठ्ठा घ्यायला निघून गेले. मुलाखतीला बोलावणं आलं ते एकाच ठिकाणाहून, आणि तिथं माझ्या आधीच जागा भरलेली होती.

बाबांचं तेव्हा वय सत्त्याहत्तर. सकाळी आठला ते पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघायचे आणि चारच्या सुमाराला परत यायचे. वाचनालयात जातो, म्हणायचे. मला ते बरंच वाटायचं. दिवसभर समोरासमोर बसून खोटं सांभाळणं मला जड जात होतं.

मार्च संपता संपता अकोल्याहून एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर आणि कोरडा होता. "माझी माती-पाणी तपासणीची लॅब आहे. बुधवारी अकरा वाजता या. येताना सर्टिफिकेटं आणा." माझा नंबर कुठून मिळाला हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी लॅबचं नाव सांगितलं होतं, पत्ता दिला होता, आणि मला 'ताई' म्हटलं नव्हतं.

बुधवारी मी सकाळी साडेसातलाच निघाले. बाबांना सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. लॅब छोटी पण नीटनेटकी होती. शेतकऱ्यांनी आणलेल्या मातीच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. मॅडम पन्नाशीच्या पुढच्या. त्यांनी मला पाण्याच्या क्षारतेबद्दल विचारलं, एक तपासणी समोर करून दाखवायला लावली. माझा हात बसलेला होता, ते त्यांनी पाहिलं. मग चष्मा काढून विचारलं, "आधीची नोकरी का गेली?"

"लॅब बंद झाली. ते काम आता सुरतला जातं."

"अस्सं," त्या म्हणाल्या. चष्मा परत घातला. मग, दोन दिवसांत कळवते, म्हणाल्या. मी पिशवी उचलून दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाल्या, "तुमच्या बाबांना सांगा, त्यांनी सांगितलेलं तेल मी गुडघ्याला लावलं. फरक आहे."

मी वळून पाहिलं. "माझ्या बाबांना तुम्ही कशा ओळखता?"

"बसमध्ये भेटले होते. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत शेजारी होते. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

बाबा अकोल्याला? कशाला? आमचं तिथं कोणीही नाही. ऑटोत बसून स्टँडवर येईपर्यंत मी एकच विचार करत होते: डॉक्टरकडे येत असतील, काहीतरी मोठं दुखणं असेल आणि माझ्यापासून लपवत असतील.

अमरावतीची गाडी लागलेली होती. ऊन मी म्हणत होतं, म्हणून आपल्याकडे सगळ्याच बाया बांधतात तसा मी डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधला होता. गाडीत चढले आणि तिसऱ्या रांगेत बाबा दिसले.

त्यांनी मला ओळखलं नाही. शेजारच्या माणसाकडे वळून ते बोलत होते. मी पुढे गेले नाही, हाकही मारली नाही. त्यांच्या मागची सीट रिकामी होती, तिथं बसले. गाडी सुटल्यावर कंडक्टर आला. बाबांचं कार्ड त्यानं पाहिलंसुद्धा नाही. पंच्याहत्तरीनंतर एसटीचा प्रवास फुकट असतो, आणि या कंडक्टरला बाबांचं वय पाठ झालेलं दिसत होतं. "काका, सकाळचे पोलीसवाले काही बोलले का?" त्यानं विचारलं. "नंबर देल्ला," बाबा म्हणाले. "आता या साहेबाइसोबत बोला. डाळ मिलवाले आहेत," असं म्हणून कंडक्टर माझ्याकडे वळला. मी मानेनंच खूण करून अमरावतीचं अर्धं तिकीट घेतलं.

बाबांच्या मांडीवर एक जुनी डायरी होती. ते त्या डाळ मिलच्या सुपरवायझरला विचारत होते, "तुमच्या कामात सगळ्यात कठीण काय असते?" तो माणूस आधी हसला, मग सांगायला लागला. तुरीतला ओलावा, पॉलिश, सालं, पावसाळ्यात येणारा माल. बोरगाव मंजू येईपर्यंत तोच बोलत होता आणि बाबा लिहीत होते. एवढं मन लावून त्याचं कोणी कधी ऐकलं नसावं. शेवटी त्यानंच विचारलं, "काका, तुमी कायले विचारून राहिले हे सगळं?"

"माही एक पोट्टी आहे," बाबा म्हणाले. "एम.एस्सी. केमिस्ट्री. नऊ वर्षं नांदगाव पेठेत कापडाच्या लॅबमध्ये होती. काम पाहून राहिलो तिच्यासाठी."

"थे नोकरी सोडली काहून?"

"सोडली नाई. काढलं तिले."

मी समोरच्या सीटचा दांडा धरला.

"चूक झाली तिच्या हातून," बाबा सांगत होते. "रंगाच्या हिशोबात एक टिंब इकडचं तिकडे झालं. अख्खा माल वाया गेला. घरी मले म्हणे लॅब बंद झाली. मी बरं म्हटलं. मागच्या वर्षी टायफॉईड झाला तिले, आता कुठी सावरली होती. आता पुन्हा धड जेवत नाई."

"पण काका, हे असं सांगतलं तं कोण देईन नोकरी? चांगलं तेवढंच सांगा ना."

"नऊ वर्षं बरोबर केलं थेही सांगतो मी," बाबा म्हणाले. "पण जो हे ऐकूनही फोन करन, त्याच्याकडेच तिनं जावं असं मले वाटते. नाई तं जिथं जाईन तिथं लपवत बसन. लग्नाचं मात्र इचारू नका, त्याची लोकं लय चौकशी करतात."

आपण लपवलेली गोष्ट आपल्याच बापाच्या तोंडून, दोन फुटांवरून, परक्या माणसाला सांगितली जाताना ऐकायची, याची मी कधी कल्पनाही केली नव्हती. मला संताप आला. किती जणांना सांगितलं असेल यांनी? आणि मग मॅडमचा चेहरा आठवला. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत त्या बाबांच्या शेजारी होत्या. म्हणजे त्यांनाही हे सगळं माहीत होतं. नोकरी का गेली, हे त्यांनी मला उत्तर ठाऊक असताना विचारलं होतं, आणि मी त्यांच्याकडे पाहत सुरतचं सांगितलं होतं.

मूर्तिजापूरला सुपरवायझर उतरला. जाताना बाबांचा नंबर आणि माझा नंबर दोन्ही लिहून घेतले त्यानं. मी उठले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर जाऊन बसले.

"बसा ताई," बाबा थोडे सरकून म्हणाले. "कुठी जाऊन राहिल्या?"

"अमरावतीले."

"काय काम करता तुमी?"

"सध्या काहीच नाई," मी म्हटलं.

बाबांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे. डायरी हळूच मिटली आणि म्हणाले, "डबा खाल्ला का?"

मी स्कार्फ सोडला. आवाज चढू न देता विचारलं, "तुमाले कोणी सांगतलं?"

"तुह्याच कारखान्यातला माणूस होता. पॅकिंगमधला." डोळे दाखवायला बाबा एकदा अकोल्याच्या डॉक्टरकडे गेले होते, नोकरी गेल्यानंतर महिनाभरानं. परत येताना गाडीत शेजारच्या माणसानं वेळ घालवायला म्हणून लॅबमधल्या मॅडमची गोष्ट सांगितली. गडद निळ्या मालाची. "त्याले काय माहीत मी कोण. हसून सांगत होता. मी काहीच बोललो नाई. मूर्तिजापूर आलं, बडनेरा आलं, मले उठवेना. मग घरी येता येता वाटलं, खराब गोष्ट जर बसमधून एवढी फिरते, तं चांगली काहून नाई फिरणार? म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसलो."

"दुसऱ्या दिवशी?"

"तवापासून रोजच जातो. रविवारी नाई. रविवारी कामाची माणसं नसतात गाडीत."

तीन महिने हा माणूस उन्हातान्हात, दुखऱ्या कमरेनं, रोज अकोल्याला जाऊन येत होता आणि मी समजत होते की पंख्याखाली पेपर वाचतोय.

"माही इज्जत वाटत फिरले तुमी गावोगाव," मी म्हटलं.

"इज्जत नाई वाटली. नंबर वाटला," बाबा म्हणाले. "फोन नाई आले का तुले?"

फिनाईलवाल्या बाई. टायफॉईडचं विचारणारा माणूस. अकराच्या अकरा. मी सगळ्यांना ब्लॉक केल्याचं त्यांना सांगितलं, तेव्हा मात्र बाबांचा चेहरा पडला. पोलिसाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांना वाटलं होतं की एखाद-दुसरा वाईट फोन आला असेल. बडनेऱ्यापर्यंत ते खिडकीतून बाहेर पाहत होते.

मग मी त्यांना मॅडमचं सांगितलं. मी काय उत्तर दिलं तेही. ते म्हणाले, "तं मग फोन कर तिले."

अमरावतीच्या स्टँडवर उतरल्याबरोबर, रसवंतीच्या बाकावर बसून मी फोन लावला. म्हटलं, मी खोटं बोलले, माझ्या हातून चूक झाली होती आणि ती कशी झाली ते मला सांगायचं आहे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये काही प्रश्नही विचारले, तिथं दुसऱ्या कोणी तपासायची पद्धत नव्हती का, वगैरे. मला वाटायला लागलं की जमलं.

"मला हे माहीत होतं," त्या म्हणाल्या. "चुकीसाठी मी तुम्हाला नाही म्हणणार नव्हते. चूक ऐकूनच बोलावलं होतं. पण रिपोर्टवर सही करणाऱ्या माणसानं पहिल्यांदा विचारल्यावर खरं सांगितलं पाहिजे. माझ्याकडे नाही जमणार. तुम्ही फोन केलात हे बरं केलंत."

फोन ठेवल्यावर मी बाबांना सांगितलं. त्या बाईंना ते चार शब्द सुनावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे तिचं." माझ्यासाठी तो धक्का सगळ्यात मोठा होता. घरी जाताना मी त्यांच्या चार पावलं पुढेच चालले.

दुसऱ्या दिवशी ते डायरी माझ्या टेबलावर ठेवून गेले. मी ती उघडली तेव्हा मला वाटलं होतं की नुसती नावं आणि नंबर असतील. पण प्रत्येक माणसाला एकेक पान होतं. गाव, काम, त्या कामात कठीण काय, मालक कसा, माणूस कधी लागतो. कापसाच्या जिनिंगमधला, दुधाच्या संकलन केंद्रातला, दवाखान्यात मशीन दुरुस्त करणारा, शाळेची बाई. साठ-सत्तर पानं होती. मी चार महिने वेबसाइट पाहत होते, पण आमच्या दोन जिल्ह्यांत कोण कुठे काय तपासतं, कशाला केमिस्ट लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग मी ते अकरा नंबर अनब्लॉक केले आणि एकेकाला फोन केला. "तुम्ही मागे फोन केला होता, मी नीट बोलले नाही, माफ करा." फिनाईलवाल्या बाई हसल्या, म्हणाल्या, आमाले वाटलं तुमी लय मोठ्या हुद्द्यावर लागल्या. त्यांनी दुसरी मुलगी ठेवली होती. तिघांच्या जागा भरल्या होत्या. एकानं फोनवर बोलावं कसं यावर मला बराच वेळ सुनावलं. मी ऐकलं. त्याचं चूक नव्हतं.

आठवा फोन मी परतवाड्याच्या एका माणसाला केला. टायफॉईडची चौकशी करणारे तेच. धारणी भागातल्या गावांमधल्या विहिरी आणि हातपंपांचं पाणी तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. धारणीत दोन खोल्यांची लॅब होती, पण केमिस्ट टिकत नव्हता. आठवडाभर तिथंच राहावं लागायचं आणि गावोगाव जीपनं फिरावं लागायचं. ते कामाचं सांगत होते तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवलं.

"आधी माझं एक ऐका," म्हटलं, आणि दशांश चिन्हाची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. कागद, सही, गडद निळा माल, सुरत, मॅडम.

"थे माहीत आहे मले," ते म्हणाले. "तुमच्या बाबाइजवळ माही बायको बसली होती. तिनं घरी येऊन सगळं सांगतलं, म्हणून तं फोन केला. पण तुमी स्वतः सांगान, असं नव्हतं वाटलं. सोमवारी येता का?"

सोमवारी मी परतवाड्याहून जीपनं धारणीला गेले. घाटात दोनदा उलटी झाली. लॅबच्या दाराला गंजलेलं कुलूप होतं आणि आत तपासणीच्या बाटल्या आधीच्या केमिस्टनं न धुताच सोडलेल्या होत्या. पहिल्या आठवड्यात मी तीस नमुने तपासले आणि प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून मगच लिहिला. तिथं मोबदल्यापेक्षा माणूस टिकणं मोठं होतं, हे मला लवकरच समजलं. आता मला तिथं दोन वर्षं झाली. शनिवारी दुपारी मी अमरावतीला येते, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाते.

बाबा अजून अकोल्याला जातात, आता रोज नाही, आठवड्यातून तीनदा. मी नोकरीला लागल्यावर ते थांबतील असं मला वाटलं होतं. पण डाळ मिलच्या सुपरवायझरच्या भाचीला काम हवं होतं, कंडक्टरच्या मेहुण्याला हवं होतं, आणि बाबांच्या मते आता त्यांना कोणाकडे काय आहे ते माहीत झालेलं आहे, तर घरी बसून काय करायचं.

मागच्या शनिवारी चहा पिताना मी त्यांना विचारलं, "साऱ्या जगाले विचारता, कामात कठीण काय म्हणून. मले कधी नाई विचारलं."

बाबांनी जरा विचार केला. "हाव," म्हणाले, "थे राहूनच गेलं." आणि मग खरंच विचारलं.

मी त्यांना सांगितलं की तपासणी सोपी असते. पण एखाद्या गावातला एकच हातपंप, आणि त्याचंच पाणी खराब निघतं, तेव्हा ते गावातल्या बायांना सांगणं कठीण असतं. त्या विचारतात, मग पिऊ काय? बाबांनी बराच वेळ ऐकलं. मध्ये एकदा उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसले. म्हणाले, "मग तू काय सांगते त्याइले?"